वाचकांचे प्रश्न : गिटहबचे मेल नेमके कुठे थांबवावेत?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच त्रासाविषयी होती. गिटहब, गिटलॅब यांसारख्या, सॉफ्टवेअरचा कोड ठेवण्याच्या सेवांकडून इतके मेल येतात, की त्यात कामाचे कोणते आणि बिनकामाचे कोणते हे कळेनासे होते. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. सेटिंगांची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात. ती येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. मेलचे आणि संकेतस्थळांचे पत्ते मात्र टाइप करताना रोमन लिपीतच लिहावे लागतील.

प्रश्न : मी चार महिन्यांपूर्वी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाले. आमच्या टीमचा सगळा कोड गिटहबवर आहे. पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठांच्या सांगण्यावरून मी टीमच्या साठ-सत्तर रिपॉझिटरी (प्रकल्पांच्या कोडचे साठे) ‘वॉच’ केल्या, म्हणजे त्यांतील घडामोडींच्या सूचना मागवल्या, आणि तेव्हापासून रोज दोनशे-अडीचशे मेल येतात. शेवटी मी जीमेलमध्ये फिल्टर लावून ते सगळे एका लेबलखाली वळवले. दहा दिवसांनी कळले, की एका सहकाऱ्याने माझ्याकडे मागितलेला रिव्ह्यू (त्याच्या कोडची तपासणी) त्याच ढिगात पडून होता. फिल्टर काढला तर पुन्हा पूर येतो आणि ठेवला तर काम हुकते. काय करावे? — सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : आपण वळवलेल्या मेलांपैकी कोणताही एक उघडा आणि सरळ तळाशी जा. तेथे फिकट, बारीक अक्षरांत ‘यू आर रिसीव्हिंग धिस बिकॉज’ अशी सुरुवात असलेली एक ओळ असते. बहुतेक जण ती कधीच वाचत नाहीत, आणि खरे तर सगळ्या मेलमध्ये तीच सर्वांत उपयोगाची असते, कारण हा मेल आपल्याला का पाठवला गेला ते ती सांगते. कुणी आपले नाव घेऊन हाक मारली (ॲट चिन्हापुढे आपले नाव लिहिले), आपल्याकडे रिव्ह्यू मागितला, ती चर्चा आपणच सुरू केली होती, किंवा आपण केवळ त्या रिपॉझिटरीचे वर्गणीदार आहात, यांपैकी एखादे कारण तेथे लिहिलेले असते. आज आलेल्या मेलांपैकी वीस मेलांच्या या तळओळी वाचून पाहा. आपल्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे, की त्यातील सोळा-सतरा मेल ‘सबस्क्राइब्ड’ या एकाच कारणाने आलेले असतील, म्हणजेच आपण केलेल्या ‘वॉच’मुळे.

गिटहबच्या प्रत्येक रिपॉझिटरीच्या पानावर वरच्या बाजूला ‘वॉच’चे बटण असते आणि त्याला चार पातळ्या असतात. ‘ऑल ॲक्टिव्हिटी’ निवडले, की तेथील प्रत्येक इश्यू (नोंदवलेली अडचण किंवा सूचना), प्रत्येक पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेला बदल) आणि त्यांवरील प्रत्येक टिप्पणी आपल्याकडे येते. ‘पार्टिसिपेटिंग अँड ॲट-मेन्शन्स’ या पातळीवर फक्त आपण सहभागी असलेल्या किंवा आपले नाव घेतले गेलेल्या चर्चांचे मेल येतात, आणि ‘वॉच’ला हात न लावलेल्या रिपॉझिटरीत हीच पातळी असते. ‘कस्टम’मध्ये इश्यू, पुल रिक्वेस्ट, रिलीज, सुरक्षा-इशारे यांपैकी हवे तेवढे निवडता येते. ‘इग्नोर’ ही चौथी पातळी जपून वापरावी, कारण ती लावल्यावर कुणी आपल्या नावाने हाक मारली तरी ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही. साठ-सत्तर रिपॉझिटरींच्या पानांवर एकेक करून जाण्याची गरज नाही. ‘गिटहब डॉट कॉम स्लॅश वॉचिंग’ या पानावर आपण वॉच करीत असलेल्या सगळ्या रिपॉझिटरींची यादी मिळते आणि तेथूनच त्या सोडता येतात. ज्या दोन-तीन रिपॉझिटरींत आपण रोज काम करता त्या ठेवा, बाकीच्या निःसंकोच सोडा. एखाद्या लायब्ररीची (आपण वापरत असलेल्या तयार कोडची) नवी आवृत्ती आल्याचे तेवढे कळायला हवे असेल, तर तिथे ‘कस्टम’ निवडून ‘रिलीजेस’वर खूण करा, वर्षाकाठी दहा-बारा मेल येतील आणि ते सगळे उपयोगाचे असतील.

दुसरे काम खात्याच्या सेटिंगमध्ये करायचे आहे. तेथे ‘नोटिफिकेशन्स’ या पानावर ‘वॉचिंग’ आणि ‘पार्टिसिपेटिंग’ या दोहोंसाठी सूचना कुठे हव्यात हे वेगवेगळे ठरवता येते. ‘वॉचिंग’समोरील ‘ईमेल’ची खूण काढून फक्त ‘ऑन गिटहब’ची ठेवली, तर वॉचमुळे येणाऱ्या सूचना गिटहबच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये जमतात आणि सवड मिळेल तेव्हा पाहता येतात, मेल मात्र फक्त आपला थेट संबंध असलेल्या गोष्टींचेच येतात. आपल्या तक्रारीचा मोठा भाग या एका खुणेने मिटेल असे मला वाटते. घरचा आणि कार्यालयाचा मेलपत्ता वेगळा असेल, तर याच पानावर ‘कस्टम राउटिंग’मध्ये कंपनीच्या ऑर्गनायझेशनचे (गिटहबवरील सामाईक खात्याचे) मेल कार्यालयाच्या पत्त्यावर वळवता येतात. रविवारी संध्याकाळी घरच्या मेलमध्ये कंपनीचा पुल रिक्वेस्ट दिसू नये असे वाटणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो.

एवढे केल्यावरही एखादी चर्चा लांबत गेली आणि त्यातील आपला भाग संपला असेल, तर त्याच मेलच्या तळाशी असलेल्या ‘अनसबस्क्राइब’ दुव्यावर टिचकी मारून केवळ तेवढ्या चर्चेतून बाहेर पडता येते. पुढे कुणी आपले नाव घेतले किंवा आपणच तेथे टिप्पणी केली, तर ती चर्चा पुन्हा आपल्याकडे येऊ लागते, आणि ते योग्यच आहे.

फिल्टर लावायचा तो यानंतर, आणि थोडा विचार करून. गिटहबच्या प्रत्येक सूचना-मेलच्या ‘सीसी’मध्ये कारणानुसार एक खास पत्ता असतो. नावाने हाक मारली असेल तर ‘मेन्शन’, रिव्ह्यू मागितला असेल तर ‘रिव्ह्यू अंडरस्कोअर रिक्वेस्टेड’, काम सोपवले असेल तर ‘असाइन’, आणि त्यापुढे ‘ॲट नोरिप्लाय डॉट गिटहब डॉट कॉम’. जीमेलमध्ये एका मेलला लागू पडणारे सगळे फिल्टर एकदम चालतात, त्यामुळे एक फिल्टर ‘इनबॉक्स टाळा’ म्हणाला आणि दुसरा ‘महत्त्वाचे समजा’ म्हणाला तरी मेल इनबॉक्सबाहेरच जातो. म्हणून मोठ्या फिल्टरच्या ‘हॅज द वर्ड्स’ या चौकटीतच या तीन पत्त्यांना वगळावे लागते. ‘सीसी’ हा शब्द रोमन लिपीत, कोलनचे चिन्ह (:) आणि त्यापुढे पत्ता असे लिहून त्याच्या अगदी आधी वजाचे चिन्ह द्यायचे. मग बाकीचे सगळे लेबलखाली जाते आणि हे तीन प्रकार समोर राहतात. आपल्या फिल्टरमध्ये नेमके हेच वगळणे राहून गेले होते.

ही चूक माझ्याकडूनही झालेली आहे. काही वर्षांपूर्वी मीही असाच सरसकट फिल्टर लावला होता. एका नवख्या मुलाने पहिल्यांदाच पाठवलेला बदल माझ्या रिव्ह्यूसाठी तीन आठवडे थांबून राहिला. मी पाहिला तोवर त्याने तो मागे घेतला होता, आणि तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. त्यामुळे ‘सगळे बंद करा’ असा सल्ला मी कुणालाच देत नाही.

टीमच्या नावाने मारल्या जाणाऱ्या हाकांविषयी आपल्या टीमप्रमुखांशीही बोला. टीमचे नाव घेतले, की तिच्या प्रत्येक सदस्याला मेल जातो. अनरिअल इंजिन या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा कोड पाहण्यासाठी एपिक गेम्सच्या ऑर्गनायझेशनमध्ये सामील झालेल्या लाखो विकासकांना २०२२ मध्ये असाच अनुभव आला. एका पुल रिक्वेस्टमध्ये कुणीतरी सर्वांचा समावेश असलेल्या टीमचे नाव लिहिले आणि त्या सगळ्यांना मेल गेले. ‘मला यातून काढा’ अशा उत्तरांनी त्यात आणखी भर पडली. सात जणांच्या टीममध्येही, एकाकडून उत्तर हवे असताना सातही जणांना हाक मारण्याची सवय असेल, तर त्यावर फिल्टर हा उपाय नव्हे.

प्रश्न : मी सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप केली तेव्हा तेथील एका रिपॉझिटरीत मी रोज आपोआप चालणारा एक वर्कफ्लो (गिटहबने ठरल्या वेळी करायच्या कामांची यादी) लिहिला होता. इंटर्नशिप संपून आठ महिने झाले, तरी रोज पहाटे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास ‘रन फेल्ड’ असा मेल येतो. मी त्या रिपॉझिटरीला वॉचही करीत नाही. मग मेल मलाच का? — विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपण वेळ अचूक टिपली आहे आणि तिच्यातच अर्धे उत्तर आहे. आपण वर्कफ्लोच्या फाइलमध्ये वेळ लिहिताना ‘मध्यरात्र’ लिहिली असणार, म्हणजे सुरुवातीला दोन शून्ये आणि पुढे तीन तारांकने. गिटहबवरील ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार धरली जाते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. तासाच्या ठोक्याला जगभरातील असंख्य कामे एकदम सुरू होत असल्याने आपले काम काही मिनिटे रांगेत थांबते, म्हणून कधी साडेपाच तर कधी पावणेसहा.

मेल आपल्यालाच का, याचे कारण वॉचशी संबंधित नाही. ठरावीक वेळी चालणाऱ्या वर्कफ्लोची सूचना तो तयार करणाऱ्या व्यक्तीला जाते. पुढे दुसऱ्या कुणी फाइलमधील वेळेची ओळ बदलली, तर त्या व्यक्तीला जाऊ लागते. आपल्यानंतर त्या ओळीला कुणी हात लावलेला नाही, म्हणून गिटहबच्या दृष्टीने त्या कामाची जबाबदारी अजून आपलीच आहे. रिपॉझिटरी सार्वजनिक असेल आणि तिच्यात ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर असे वर्कफ्लो आपोआप बंद होतात. आपला अजून चालू आहे, त्या अर्थी एक तर तेथे काम सुरू आहे किंवा ती रिपॉझिटरी खासगी आहे.

‘सेटिंग्ज’मधील ‘नोटिफिकेशन्स’च्या पानावर ‘ॲक्शन्स’ असा, वर्कफ्लोंच्या सूचनांचा विभाग आहे. तेथील ‘ईमेल’ची खूण काढली की मेल थांबतील. परंतु त्याने आपल्या स्वतःच्या प्रकल्पांतील अपयशाचे मेलही थांबतील, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या काळात ते आपल्याला हवे असतील. म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या तेव्हाच्या मार्गदर्शकांना दोन ओळींचे पत्र लिहावे. ‘हा वर्कफ्लो रोज अपयशी होत आहे, तो नको असल्यास बंद करावा आणि हवा असल्यास आपल्यापैकी कुणीतरी बंद करून पुन्हा सुरू करावा’ एवढे पुरे आहे. बंद करून पुन्हा सुरू करणाऱ्याच्या नावे पुढच्या सूचना जाऊ लागतात. आठ महिने रोज एक काम मोडत आहे आणि ते त्यांच्यापैकी कुणालाच दिसत नाही, ही गोष्ट आपल्या मेलपेक्षा त्यांच्यासाठी अधिक गंभीर आहे, आणि ती कळवल्याबद्दल ते आपले आभारच मानतील.

प्रश्न : मला गिटहबकडून ‘आपल्या खात्यात अनोळखी ठिकाणाहून प्रवेशाचा प्रयत्न झाला आहे, त्वरित पासवर्ड बदला’ अशा आशयाचा मेल आला. पाठवणाऱ्याचा पत्ता खरोखर गिटहबचाच होता; मी अक्षर न् अक्षर तपासले. तरीही मित्र म्हणतो हा फसवणुकीचा प्रकार आहे. पत्ता खरा असेल तर मेल खोटा कसा असेल? — वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. मेल खरा असून मजकूर खोटा असू शकतो, आणि या प्रकारात तेच होते. कुणीही आपल्या सार्वजनिक रिपॉझिटरीत नवा इश्यू उघडू शकतो. त्याने त्या इश्यूचे शीर्षक ‘सिक्युरिटी अलर्ट’ असे दिले, की गिटहब आपल्या नेहमीच्या कामाप्रमाणे तो मजकूर मेलने आपल्याकडे पोहोचवते. पाकीट अस्सल असते, पोस्टमनही ओळखीचा असतो, आतले पत्र मात्र भामट्याने लिहिलेले असते.

मार्च २०२५ मध्ये हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. सुमारे १२,००० रिपॉझिटरींत एकाच मजकुराचे इश्यू उघडले गेले. आइसलंडमधील रेक्याविक येथून आपल्या खात्यात प्रवेशाचा प्रयत्न झाला आहे, असे त्यात लिहिले होते. पासवर्ड बदलण्यासाठी, सक्रिय सत्रे पाहण्यासाठी आणि टू-फॅक्टर (दुहेरी पडताळणी) सुरू करण्यासाठी म्हणून जे वेगवेगळे दुवे दिले होते, ते सगळे एकाच पानावर नेत होते, आणि ते पान एका परक्या ॲपला आपल्या खात्याची परवानगी देण्याचे होते. त्यात रिपॉझिटरी पुसून टाकण्याचाही अधिकार मागितलेला होता. पासवर्ड कुणी विचारलाच नाही, त्यामुळे ‘पासवर्ड सांगू नये’ एवढे पक्के ठाऊक असलेल्या माणसालाही तेथे धोका होता.

असा मेल ओळखण्याची एक खूण विषयाच्या ओळीत असते. इश्यूतून आलेल्या मेलचा विषय चौकटी कंसातील रिपॉझिटरीच्या नावाने सुरू होतो आणि शेवटी ‘इश्यू’ हा शब्द व क्रमांक असतो. आपल्या खात्याच्या सुरक्षेविषयी गिटहबला खरेच काही सांगायचे असेल, तर ते आपल्या रिपॉझिटरीत इश्यू उघडून सांगणार नाही. तळाची कारणाची ओळ येथेही वाचावी. तिथे आपण त्या रिपॉझिटरीचे वर्गणीदार असल्याचे किंवा आपले नाव घेतले गेल्याचे लिहिले असेल, तर तो मजकूर कुणा माणसाने लिहिलेला आहे असे समजावे.

मेलमधील दुव्यावर टिचकी मारू नका. ब्राउझरमध्ये गिटहबचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा आणि ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिक्युरिटी लॉग’ पाहा. खरोखर काही घडले असेल तर तेथे नोंद असेल. दुव्यावर आधीच टिचकी मारून परवानगीचे हिरवे बटण दाबले गेले असेल, तर ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये ‘ऑथराइज्ड ओऑथ ॲप्स’ या यादीतील अनोळखी ॲपची परवानगी लगेच रद्द करा, आपण न बनवलेले टोकन आणि एसएसएच किल्ल्या (पासवर्डविना खात्यात प्रवेश देणारे संकेत) काढून टाका, आणि रिपॉझिटरींमध्ये एखादा अनोळखी वर्कफ्लो आला आहे का ते पाहा. यात उद्यावर ढकलण्यासारखे काही नाही. तो इश्यू लिहिणाऱ्या खात्याची गिटहबकडे तक्रार करा आणि त्याला ब्लॉक करा; ब्लॉक केलेल्या खात्याने आपले नाव घेतले तरी त्याची सूचना आपल्याला येत नाही.

प्रश्न : मी छंद म्हणून दोन-तीन मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावतो. हल्ली अनोळखी कंपन्यांचे ‘आपले गिटहबवरील काम पाहिले’ असे सुरू होणारे जाहिरातीचे मेल येतात. माझ्या प्रोफाइलवर मेलपत्ता दिलेला नाही. मग त्यांना तो मिळतो कुठून? — वाचक, ठाणे

उत्तर : तो आपल्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलाच्या नोंदीत, लिहिलेला असतो. गिटहब ज्यावर उभे आहे ते, बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या विकासासाठी लिहिले आणि ती मंडळी कोडमधील बदल एकमेकांना मेलनेच पाठवत असत. त्यामुळे बदल कुणी केला या नोंदीत नावाबरोबर मेलपत्ता असणे त्यांना स्वाभाविक होते. तीच रचना आजही कायम आहे. गिटहबवरील आपल्या कोणत्याही सार्वजनिक कमिटच्या पानाच्या पत्त्यापुढे टिंब देऊन ‘पॅच’ हा शब्द रोमन लिपीत लिहून पाहा. पहिल्या तीन-चार ओळींतच आपले नाव आणि मेलपत्ता दिसेल. जाहिरातदार हेच काम यंत्राकडून करवून घेतात. गिटहबच्या नियमांना ते मान्य नाही, तेथून गोळा केलेली माहिती नको असलेले मेल पाठवण्यासाठी वापरू नये असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि म्हणून अशा मेलची तक्रार जरूर करावी.

पुढच्यासाठी, ‘सेटिंग्ज’मधील ‘ईमेल्स’च्या पानावर ‘कीप माय ईमेल ॲड्रेसेस प्रायव्हेट’ सुरू करा. गिटहब आपल्याला एक ‘नोरिप्लाय’ पत्ता देईल; तो आपल्या संगणकावरील गिटच्या सेटिंगमध्ये मेलपत्त्याच्या जागी घाला. नेमकी ही दुसरी पायरी लोक विसरतात आणि मग वेबवर सेटिंग बदलूनही कमिटमध्ये जुनाच पत्ता जात राहतो. त्याच पानावर ‘ब्लॉक कमांड लाइन पुशेस दॅट एक्स्पोज माय ईमेल’ अशी आणखी एक खूण आहे. ती लावली, की खरा पत्ता असलेले कमिट पुश होण्याआधीच (संगणकावरून गिटहबवर जाण्याआधीच) अडवले जाते. जुन्या कमिटमधील पत्ता मात्र जाणार नाही. तो काढायचा तर प्रकल्पाचा सगळा इतिहास नव्याने लिहावा लागेल, आणि इतर लोक काम करीत असलेल्या प्रकल्पात ते करू नये.

प्रश्न : मी मडगावहून एक छोटा मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळतो. एरवी महिन्याला चार-पाच पुल रिक्वेस्ट येतात. पण अधूनमधून अचानक वाचाफाइलमध्ये (रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) एखादा शब्द बदललेल्या किंवा स्वतःचे नाव घातलेल्या पुल रिक्वेस्टची रांग लागते. प्रत्येकीचा मेल येतो, प्रत्येकीला नकार द्यावा लागतो. पाठवणारे बहुतेक विद्यार्थी दिसतात, त्यामुळे कठोर बोलवत नाही. — प्रकल्पपाल, गोवा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. हा उपद्रव करणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण उपद्रव करीत आहोत हे ठाऊकच नसते.

डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम चालवते. २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. वाचाफाइलमध्ये एक-दोन शब्द घालून पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची हे दाखवणारा एक यूट्यूब व्हिडिओ पसरला आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच जगभरातील प्रकल्पपालांकडे अशा निरर्थक बदलांचा पूर आला. आयोजकांना ३ ऑक्टोबरलाच नियम बदलावा लागला. जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेथीलच पुल रिक्वेस्ट धरल्या जातील, असे ठरले. पुढे २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या सुप्रसिद्ध जावास्क्रिप्ट प्रकल्पावर हीच वेळ आली. एका हिंदी शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्टचे उदाहरण म्हणून त्याच प्रकल्पाची वाचाफाइल दाखवली होती आणि शिकणाऱ्यांनी पडद्यावर दिसले तसेच केले. त्यांचा दोष मला फारसा वाटत नाही. शिकवणाऱ्याने सरावासाठी स्वतःची रिपॉझिटरी उघडून दिली असती, किंवा नवशिक्यांसाठीच चालवल्या जाणाऱ्या ‘फर्स्ट काँट्रिब्युशन्स’कडे बोट दाखवले असते, तर हे टळले असते. हे सदर वाचणाऱ्या प्राध्यापकांना आणि व्हिडिओ बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की दुसऱ्याच्या चालत्या प्रकल्पावर विद्यार्थ्यांचा सराव घेऊ नये. त्या प्रकल्पाला वॉच करणाऱ्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये तो सराव जाऊन पडतो.

आपल्या हातातील उपाय असा, की रांग लागल्याचे दिसताच रिपॉझिटरीच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘मॉडरेशन’मध्ये ‘इंटरॲक्शन लिमिट्स’ लावावी. पूर्वी योगदान दिलेल्यांनाच लिहिता येईल अशी मर्यादा २४ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते. अशा लाटा लवकर ओसरतात, त्यामुळे तीन दिवस किंवा आठवडा पुरतो. नकारासाठी एक सौम्य उत्तर ‘सेव्ह्ड रिप्लाय’ म्हणून साठवून ठेवा आणि त्यात सरावाची योग्य जागा सांगा, म्हणजे दर वेळी नव्याने शब्द शोधावे लागणार नाहीत.

जुन्या इश्यूंवर ‘मलाही हीच अडचण आहे’ एवढ्याच टिप्पण्या साचत असतील, तर तो इश्यू ‘लॉक’ करायला, म्हणजे त्यावरील नव्या टिप्पण्या बंद करायला, संकोच करू नका. जानेवारी २०१६ मध्ये अनेक प्रकल्पपालांनी गिटहबला जाहीर पत्र लिहिले होते, त्यातील एक मोठी तक्रार अशाच, केवळ ‘अधिक एक’ (+1, म्हणजे ‘मीही’) लिहिलेल्या टिप्पण्यांविषयी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये टिप्पणीखाली अंगठा किंवा बदाम उमटवण्याची सोय आली. तिने कुणालाही मेल जात नाही, आणि इश्यूंची यादी अंगठ्यांच्या संख्येनुसार लावता येत असल्याने कोणता प्रश्न किती जणांना सतावतो तेही आपल्याला दिसते. हे वाचाफाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे गिटहब नाही, गिटलॅब आहे. वरचे उपाय तेथे चालतील का? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नावे थोडी बदलतील, रीत तीच. गिटलॅबमध्ये प्रत्येक प्रोजेक्टसाठी (गिटहबच्या रिपॉझिटरीसारखे) आणि प्रोजेक्टांच्या ग्रुपसाठी सूचनांची पातळी निवडता येते : ‘वॉच’, ‘पार्टिसिपेट’, ‘ऑन मेन्शन’, ‘कस्टम’ आणि ‘डिसेबल्ड’; ‘ग्लोबल’ ठेवल्यास खात्याची सर्वसाधारण पातळी लागू होते. ग्रुपला दिलेली पातळी त्याखालच्या प्रोजेक्टांनाही लागते, त्यामुळे मोठ्या कंपनीत एका ठिकाणी बदल करून काम भागते.

प्रश्न : गिटहबच्या मेलला मी मोबाइलवरूनच ‘रिप्लाय’ करून उत्तर दिले. नंतर पाहिले, तर माझी सगळी सही, मोबाइल क्रमांकासह, त्या सार्वजनिक चर्चेत उमटली होती. हे कसे झाले? — वाचक, नागपूर

उत्तर : त्या मेलला दिलेले उत्तर कुणा व्यक्तीकडे जात नाही, ते आपल्या नावाने टिप्पणी म्हणून चर्चेत प्रसिद्ध होते, आणि मेलच्या ॲपने खाली जोडलेली सही वेगळी ओळखता आली नाही तर तीही त्यासोबत जाते. ती टिप्पणी लगेच पुसून टाका. केवळ संपादित करून क्रमांक काढला, तर संपादनाच्या इतिहासात तो दिसत राहतो. त्या चर्चेच्या वर्गणीदारांना मेलने गेलेल्या प्रती मात्र परत घेता येणार नाहीत. हे मेल इतरांना फॉरवर्डही करू नका. प्रत्येक मेलच्या उत्तराचा पत्ता केवळ आपल्यासाठी बनवलेला असतो, आणि ज्याच्या हाती तो मेल जाईल त्याने त्या पत्त्यावर काही लिहिले तर ते आपल्या नावाने छापले जाईल. तळाच्या ‘अनसबस्क्राइब’वर त्याने टिचकी मारली, तर चर्चेतून बाहेर पडाल ते आपण. सहकाऱ्याला काही दाखवायचे असेल, तर त्या चर्चेच्या पानाचा दुवा पाठवा.